राजदीपच्या आवाजातली महागाई

९ जून, धुळे

पीएच.डी.त मी लिहिलं होतं — रिझर्व्ह बँक व्याजदराचं काय करते, का करते, हे लोकांना त्यांच्या बोलीत सांगितलं तर महागाईची धास्ती कमी होते. मुंबईची एक संस्था आता ते खरंच करून बघतेय. रिक्षावर भोंगा, अहिराणीत दोन मिनिटं. आवाज माझ्या नवऱ्याचा, राजदीपचा. मार्चमध्ये रेकॉर्डिंग केलं, एप्रिलमध्ये तो गेला.

आज साक्रीच्या बाजारात भोंग्यातून नवरा बोलत होता. मी भेंडी निवडत होते. काही वाटलं नाही.

२ जुलै

संस्थेतून हितेंद्र सरांचा फोन. "दीपमालाताई, पुढच्या निर्णयांसाठी कॉम्प्युटरवर त्यांचाच आवाज बनवता येईल. तुमची संमती हवी."

"बरं," म्हटलं. सही करून पाठवली. मग कुकर लावला.

१४ ऑगस्ट

निकाल आले. जिथे भोंगा फिरला तिथे धास्ती खरंच कमी! सर खूश. सगळ्या खानदेशात करू म्हणतात.

आज जेवले का? आठवत नाही.

२० सप्टेंबर

साक्रीजवळच्या एका गावात पाहणीला गेले. केसरबाई ओट्यावर बसलेल्या. मागे कांद्याची चाळ रिकामी.

"तो भाऊ बोलना, महागाई वाढाव नही. म्हनीसन जुलैमा बठ्ठा कांदा इकी टाका."

जुलैत सगळा कांदा विकून टाकला, आणि आता दुप्पट भाव आहे. त्यांच्या घराचा स्लॅब यंदा पडणार नाही.

मी समजावू लागले — अक्का, ती सगळ्या वस्तूंची मिळून महागाई, एकट्या कांद्याची नव्हे... त्यांनी रिकाम्या चाळीकडे हात केला. मग म्हणाल्या, "पन तो भाऊ खोटं बोलस नही."

माझ्या अख्ख्या प्रबंधात फक्त विकत घेणारे होते. विकणारं कुणी नव्हतंच!

२१ सप्टेंबर

सरांना फोन केला. थांबवा, मजकूर बदलू.

"एका बाईवरून काय ठरवायचं, ताई? शनिवारी भुसावळ सुरू होतंय."

२७ सप्टेंबर, भुसावळ

रिक्षातून राजदीप इकडच्या लेवा बोलीत बोलत होता. ती त्याला येतच नव्हती.

भोंग्याची वायर उपटली. रिक्षावाल्याकडून माइक घेतला. म्हटलं, "हा माझा नवरा. एप्रिलमध्ये वारला. हे तो बोललेला नाही."