काखेतीतली संकष्टी

१४ सप्टेंबर, रविवार

ठरलं! जॉर्जिया. अमेरिकेतलं नव्हे—हे आज चार जणांना सांगावं लागलं. चौघांनीही "अच्छा, रशियाजवळचं" म्हणून मान डोलावली आणि विषय बदलला.

सगळं मंजिरीचं कर्तृत्व. आमच्या सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या मराठी मंडळात प्रत्येकाचं न्यूझीलंड झालंय, प्रत्येकाचं बाली झालंय. आता जिथे कोणीच गेलेलं नाही अशी जागा हवी, म्हणजे परत आल्यावर वर्षभर बोलता येतं. जाणार कोण, तर ती, तिचा यतिन, मी आणि माझा नवरा हृषी. त्यात एक अख्खा दिवस वाइनचा प्रदेश आणि तिथले जुने मठ. "प्रायव्हेट टूर आहे हं मयूरा! आपली गाडी, आपली गाइड. बसमध्ये कोंबून नाही."

हृषीने लगेच हो म्हटलं तेव्हाच मला संशय आला. हा माणूस इथल्या जवळच्या ब्लू माउंटन्सला जायचं तरी तीन आठवडे विचार करतो. संध्याकाळी भांडी लावताना उलगडा झाला. "मस्त जाऊन येऊ. मग आल्यावर घराचं फायनल करून टाकू."

घराचं फायनल म्हणजे हे घर विकायचं आणि पुण्याला परत जायचं. एकवीस वर्षं ऐकतेय! आधी 'पुढच्या वर्षी' होतं. मग 'स्पृहाची शाळा झाली की'—स्पृहा म्हणजे आमची लेक. मग 'तिची युनि झाली की'. आता स्पृहाची युनि डिसेंबरात संपतेय आणि सबबीही संपल्या. एजंट नोव्हेंबरात पाटी लावायला तयार बसलाय.

मला जायचं नाही. इथे लिहून ठेवते, कारण त्याच्यासमोर मी फक्त 'बघू' म्हणते.

१९ सप्टेंबर

आज हृषीचं परत तेच. "पुण्यात माणसं आहेत गं." इथे काय, कांगारू आहेत? "नाटकं आहेत. भाजी दारात येते." गेल्या खेपेला पुण्यात महिनाभर होतो तेव्हा साहेबांनी एक नाटक पाहिलं नाही आणि भाजी ॲपवरून मागवली.

माझं इथे काय आहे ते कोणी विचारत नाही. पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात मी लाइट रेलची, म्हणजे ट्रामची, वेळापत्रकं करते आणि चांगली करते. मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. आणि शनिवारी गाडीची किल्ली उचलून निघाले तर 'कुठे चाललीस?' असं विचारायला जिन्यात कोणी उभं नसतं. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. ज्यांना जिना आहे त्यांना नाही कळायचं.

हृषी ऑफिसमधून येताना ट्रेनमधून रोज अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन करतो. जेवलात का? जेवलो. पाऊस? आहे. बरं ठेवतो. झालं! अण्णा शहाऐंशीचे, कोथरूडला एकटे, पण ठणठणीत. सांभाळायला माणूस आहे, सकाळी हास्यक्लब आहे. माझ्यापेक्षा जास्त हसतात ते.

७ ऑक्टोबर, दोहा विमानतळ

महासंकट!

शुक्रवारी संकष्टी चतुर्थी आहे. नेमका तोच दिवस आमच्या वाइन टूरचा!

मंजिरीने बुकिंग करताना हवामान पाहिलं, द्राक्षतोडणीचा मोसम पाहिला, दोनशे रिव्ह्यू वाचले. तिथी कोणी पाहिली नाही. नवा सोफा घ्यायचा तरी अमावास्या टाळणारी माणसं आम्ही! हृषी दहावीपासून संकष्टी करतो, अण्णांच्या बरोबरीने. अपेंडिक्स काढलं तेव्हाही चंद्र दिसेपर्यंत सलाइनवर होता आणि त्याचा त्याला अजून अभिमान आहे.

"दिवस बदलता येईल का?" त्याने केविलवाण्या आवाजात विचारलं. मंजिरीने गाइडला मेसेज केला. मोसम चालू आहे, दुसरा दिवस नाही. यतिन म्हणाला, "नो वरीज मेट, तुझा ग्लास मी बघतो."

९ ऑक्टोबर, तिबिलिसी

हॉटेलात टीव्हीशेजारी उपवासाच्या चिवड्याचा डबा आणि राजगिऱ्याच्या वड्या मांडून ठेवल्या आहेत. जगभरातून लोक इथे वाइन प्यायला येतात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हात दुखेपर्यंत लिहिणार आज!

सकाळी गाइड आली. नाव नाना! यतिनने ते नाव ऐकून धोतर-टोपीतले कोणी वयस्कर गृहस्थ येतील असं धरलं होतं. आल्या लाल केसांच्या पन्नाशीच्या बाई—एक हात स्टीअरिंगवर, दुसऱ्या हाताने अख्खा कॉकेशस पर्वत दाखवणाऱ्या. यतिनने त्यांना दिवसभर 'नानासाहेब' म्हटलं. त्यांना ते आवडलं.

या प्रांताचं नाव काखेती. इथे आठ हजार वर्षं वाइन करतात असं नानाने सांगितलं. आमच्या माणसांना मात्र बाहेर गेलं की नवीन काही दिसतच नाही. सिघनाघी आलं, डोंगरावरचं लाल कौलांचं देखणं गाव. मंजिरी म्हणाली, "पाचगणी!" खाली नजर पोचेल तिथपर्यंत द्राक्षबागा. यतिन म्हणाला, "नाशिक." पलीकडे बर्फाचे डोंगर. तिथे तो अडकला. मग म्हणाला, "नाशिकला हे हवं होतं यार."

बोदबेच्या मठात संत निनोची समाधी आहे. ती बाई परमुलखातून इथे आली. द्राक्षवेलीच्या दोन काटक्या आपल्या केसांनी बांधून तिने क्रूस केला म्हणे. मला आवडली ती. हाताशी होतं त्यात भागवलं आणि इथलीच झाली. मी हे मोठ्याने म्हटलं, हृषीकडे बघून. तो वडी खात होता.

मग अलावेर्दीचा मठ. दारात अडवलं! हृषी शॉर्ट्समध्ये. ऑस्ट्रेलियात आल्यापासून हा माणूस भर थंडीतही शॉर्ट्स घालतो, वर 'वी आर ऑसीज' म्हणतो. पुण्याला परत जायचंय ना, तिथे सोसायटीच्या मीटिंगला जा असा! नानाने गाडीतून काळं फडकं आणून त्याच्या कमरेला गुंडाळलं. आम्हा दोघींच्या डोक्यांवर रुमाल, हृषीच्या कमरेला लुंगी. उपाशी चेहरा, हात जोडलेले. एका जर्मन बाईने त्याचा फोटो काढला.

तिथले साधू स्वतः वाइन करतात. मोठे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात, द्राक्षं त्यातच आंबतात. ते ऐकून हृषीचं डोकं चालायला लागलं. "देवळातली आहे म्हणजे तीर्थच ना? शिवाय द्राक्षं फळात येतात. फळं उपवासाला चालतात." हा बँकेत सॉफ्टवेअर तपासतो, तीही अशीच पास होतात का? मंजिरी म्हणाली, "बटाटा चालतो म्हणून वोडका पिणार का?"

दुपार कलायला लागली तेव्हा जेवायला नानाच्या काकांकडे गेलो. वाख्तांग नाव, भल्यामोठ्या मिशा. द्राक्षांच्या मांडवाखाली लांबलचक टेबल. इथली रीत अशी की टेबलावर एक म्होरक्या असतो. त्याने कशाच्या तरी नावाने दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही. आणि पाहुण्यांनीही बोलायचं—मनापासून, उभं राहून. आम्ही मराठी माणसं! आमचं मन 'चिअर्स'च्या पुढे कधी गेलंय?

आणि मग थाळी आली. मी खोटं लिहीत नाही—उकडीचे मोदक! वाफाळलेले, नीट कळ्या पाडलेले, वर शेंडी. खिंकाली म्हणतात, आमच्यासाठी मुद्दाम बटाट्याच्या केल्या होत्या. संकष्टीच्या दिवशी समोर एकवीस-पंचवीस मोदक आणि गणपतीचा भक्त उपाशी. हृषीने डोळे मिटून घेतले.

वाख्तांगकाका हळहळले. पाहुणा जेवत नाही म्हणजे काय! नानाने इंग्रजीतून विचारलं, कधी सुटतो हा उपवास? चंद्र दिसला की. मग चंद्र कधी? इथला चंद्र अंधार पडल्यावर. पुण्याचाही साधारण तेव्हाच. फोनमध्ये डोकं खुपसून बसलेला यतिन एकदम ओरडला, "अरे! सिडनीत आत्ताच उगवलाय!"

"जिथे आपण असतो तिथला चंद्र बघायचा असतो," मंजिरीने नियम सांगितला.

"आणि विमानात असलो तर? हृषी, तू घरचा चंद्र बघ ना. घरचा चालतो," यतिन म्हणाला.

"घरचाच बघायला हवा खरं तर," हृषी थाळीकडे बघत म्हणाला.

मी संधी सोडली नाही. "कुठल्या घरचा?"

वाफ विरत चालली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्पृहाला फोन लाव."

लावला! व्हिडिओवर स्पृहा ब्लॅकटाउनच्या घरात, दात घासत. "डॅड, आर यू सिरीयस? इट्स जस्ट द मून." पण गेली बिचारी मागच्या अंगणात. शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या कुंपणावर एक पांढरा ठिपका हलत होता. हृषी अजूनही कमरेला तेच काळं फडकं गुंडाळून फोनसमोर हात जोडून उभा. ताम्हन नाही, तर वाख्तांगकाकांनी मातीचा वाडगा दिला. त्यातून त्याने जॉर्जियाच्या जमिनीवर सिडनीच्या चंद्राला अर्घ्य दिलं. टेबलावरचे सगळे उठून उभे राहिले. काका गहिवरून म्हणाले, "चंद्राच्या नावाने! गाउमार्जोस!" म्हणजे त्यांचं 'चिअर्स'. स्पृहाने विचारलं, "कॅन आय गो टु बेड नाउ?"

मोदकांवर तो असा तुटून पडला! धरायची शेंडी ताटात काढून ठेवायची असते. ह्याने तीही खाल्ली.

एकवीस वर्षांचं भांडण, आणि माणूस बटाट्याच्या एका थाळीपुढे हरला. गणपतीला साक्षी ठेवून सांगितलं घर कुठलं ते. मला इतका आनंद झाला की मी उभी राहून 'टु अवर होम' म्हटलं आणि ग्लास रिकामा केला. मंजिरी बघतच राहिली.

पुढचा प्याला आईवडिलांच्या नावाने होता. हृषी उठला. "टु माय फादर," म्हणाला. उभाच राहिला. नानाने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग बसला. दिवसभराच्या उपासावर वाइन चढते, मी सांगितलं होतं.

११ ऑक्टोबर

नाश्त्याला विचारलं, "मग? घर कुठलं आपलं?" हसला. "कबूल आहे." बास! साक्षीदार दोन.

१९ ऑक्टोबर, ब्लॅकटाउन

मंडळाचा दिवाळी फराळ. मंजिरीने चंद्राची गोष्ट सात वेळा सांगितली. शेवटच्या खेपेला वाख्तांगकाका ढसाढसा रडले होते आणि मठाधिपतीही हजर होते. मंडळातल्या गंधारने विचारलं, "अटलांटाहून किती लांब आहे?"

हृषी कोपऱ्यात चकली मोडत बसला होता. हल्ली अण्णांचे फोन लांबलेत. ट्रेनमधून उतरल्यावरही फाटकाशी उभा राहून बोलतो. काय बोलतात विचारलं तर म्हणाला, "काही नाही. ते एकच गोष्ट परत परत विचारतात." वय झालं की विचारतात माणसं.

२७ ऑक्टोबर

त्याने एजंटला नाही म्हणून कळवलं! स्वतःहून! ऑफिसातून मला मेसेज: 'डन. घर राहतंय.' मी प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या हसले. शेजारची बाई बाजूला सरकली.

१ नोव्हेंबर

स्वयंपाकघराच्या टाइल्स निवडल्या. हिरव्या. 'विकायचंच आहे तर कशाला' म्हणून बारा वर्षं अडलं होतं. हृषी म्हणाला, "तुला आवडतील त्या घे." इतक्या चटकन हो म्हणणारा माणूस नाही हा. पण मी म्हटलं, असेल बाबा!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हृषीने पुण्याचं तिकीट काढलंय. एकाचंच, परतीचं नाही. ऑफिसात राजीनामाही देऊन आला. अण्णा हल्ली रस्ता विसरतात. दोनदा हास्यक्लबातून भलतीकडेच गेले. मला माहीत नव्हतं. "घर इथेच आहे मयू, ते मी कबूल केलंय. तू राहा, तुझ्या मागे लागणार नाही. पण अण्णांना मी लागतो." चिडला नव्हता. मी त्याला थांब म्हटलं नाही, मीही येते असंही म्हटलं नाही. मला फार भीती वाटतेय. एकवीस वर्षं मी घरावरून भांडत होते, आणि तो घराबद्दल बोलतच नव्हता.