कानामागचं हाड

३ मार्च.
सकाळी सव्वासहाला मोरीत दात घासत होतो. चूळ भरली आणि उजव्या कानात ठणका उठला, थेट जबड्यापर्यंत. आठ दिवस सर्दी आहे, कानाला दडे बसलेलेच होते.
नेमकं आजच पंपहाऊसात मिस्त्रींनी चार नंबरच्या पंपाचं बेअरिंग ऐकायला लावलं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. एकसारखी घरघर आली तर ठीक. खरखर आली तर बेअरिंग गेलं. मिस्त्रींनी असंच शिकवलं — ‘कानाच्या भोकावर नको, मागच्या हाडावर. हाड खोटं बोलत नाही.’
वर्षअखेरीला मिस्त्री निवृत्त होणार. त्यांची जागा मला, नाहीतर डिप्लोमाला. पंपहाऊसात शिकलेला तो एकटाच, म्हणून त्याला सगळे डिप्लोमाच म्हणतात. कान दुखतो हे कोणाला सांगितलं नाही.

६ मार्च.
ताप. रजा. गल्लीतल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. पडदा लाल होऊन फुगलाय म्हणाले. नाकामागून कानात एक नळी जाते, ती सर्दीने सुजून बंद झाली, आत पू साचला. सात दिवसांच्या गोळ्या. ‘दुखायचं थांबलं तरी सोडायच्या नाहीत.’ दोनदा सांगितलं. मी काय लहान आहे?

७ मार्च.
पहाटे उशी ओली. पिवळं, थोडं रक्त. पण ठणका गेला! बटण बंद केल्यासारखा. आई म्हणाली, ‘घाण निघून गेली, सुटलास.’

९ मार्च.
गोळ्यांनी पोट बिघडतं. पंप सोडून सारखं संडासला जाता येत नाही. बंद केल्या. उरलेल्या डब्यात जपून ठेवल्या.

२ एप्रिल.
आंघोळीनंतर कान पुन्हा वाहतो. दुखत मात्र नाही. मिस्त्रींसारखा कापसाचा बोळा घालतो. त्यांच्या कानात तो कायम असतो, पंपाच्या आवाजासाठी असेल.
आज जेवणाच्या सुट्टीत चार नंबरवर कानाची परीक्षा घेतली. पेचकस आधी डावीकडच्या हाडाला, मग उजवीकडच्या. उजवीकडे जास्त मोठं ऐकू आलं. पुन्हा करून पाहिलं. तेच. म्हणजे कान शाबूत आहे. उगाच जीव टांगणीला लावला होता.

१९ जून.
धाकटी म्हणाली, ‘दादा, तीन हाका मारल्या. लग्नाआधीच बायकोचं न ऐकायची सवय करतोयस का?’
डिप्लोमा म्हणाला, ‘याला बोलवायचं तर पोस्टाने कळवा.’
सगळे हसले. मीही हसलो. मग जाऊन परीक्षा घेतली. उजवीकडे एप्रिलपेक्षाही मोठं! लक्ष नसतं माझं, एवढंच.

८ ऑगस्ट.
धाकटी ताट उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. नंतर आईने सांगितलं — कानाला वास येतो.

११ ऑगस्ट.
शिडीवर चक्कर आली. कठडा हाती लागला म्हणून वाचलो.

१२ ऑगस्ट.
मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या कानाच्या बाईंनी लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटला आणि घुमत असतानाच कानामागच्या हाडाला लावला. छान ऐकू आला. मग कानासमोर धरला. काहीच नाही. मला वाटलं बंद पडला. डाव्या कानासमोर नेला — घुमतच होता.
मी पेचकसाचं सांगितलं. चार महिने परीक्षा घेतोय, उजवीकडे मोठंच येतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बाहेरचा आवाज पडद्यातून आणि तीन बारीक हाडांतून आत जातो. तुमची ती वाट मोडलीये. मागच्या हाडातून आवाज ती वाट सोडून थेट आत पोहोचतो. म्हणून आजारी बाजूला मोठा वाटतो. ती चांगली खूण नव्हती हो.’
पडद्याला भोक पडलंय. त्यातून कातडी आत वाढून हाड खातेय. ऑपरेशन करायला हवं. पुन्हा ऐकू येईलच असं नाही. ‘आधी कान कोरडा करू. त्याच्यावरच मेंदू आहे, मध्ये पातळ पापुद्रा.’ दोन महिने पंपापासून लांब.
दोन महिने गेलो तर जागा डिप्लोमाची.

१४ ऑगस्ट.
शेवटी मिस्त्रींना सांगितलं. उजवीकडून सांगत होतो, त्यांनी डावा कान पुढे केला. ऐकून घेतलं. मग आपला बोळा काढून दाखवला. पिवळा.
‘चाळीस वर्षं वाहतोय. मेलो का? हाडावर लाव, भागतं. जागा मिळव आधी, कान कुठे पळून जात नाही.’
घरी येईपर्यंत छातीवरचा दगड उतरला होता. ऑपरेशन जानेवारीत करू.

३० सप्टेंबर.
मिस्त्रींनी त्यांचा पेचकस दिला. ‘आत्तापासून तूच ऐक.’ डिप्लोमा बघत होता.

१७ ऑक्टोबर.
मिस्त्री आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणे.

२१ ऑक्टोबर.
मिस्त्री हॉस्पिटलात. मी आणि डिप्लोमा गेलो. उजवा डोळा मिटत नाही, तोंड डावीकडे ओढलंय. मला ओळखलं नाही. कानातला पू हाड पोखरून मेंदूपर्यंत गेलाय. कानाच्या बाई बाहेर आल्या, माझ्याकडे पाहून थांबल्या. ‘तुम्ही पेचकसवाले ना? कधी येताय?’
‘आजच,’ म्हणालो.
पेचकस पिशवीतच होता. डिप्लोमाच्या हातात दिला. तो नको नको म्हणत होता.
‘मूठ भोकाशी धर,’ मी म्हणालो. ‘मागच्या हाडावर नको.’