साखरेविरुद्धचा माझा लढा

२ जून
मला आणि हिला, दोघांनाही शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या वर्गाला या, सगळं शिकवतात. हिने लगेच नाव घातलं. मी जन्मभर कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकली, मालकांना घाम फोडला. मला आजार कुणी शिकवायचा? उद्यापासून साखर बंद. ठराव एकमताने मंजूर.

३ जून
साखर बंद. ठरावात बिस्किटांचा उल्लेख नव्हता.

९ जून
हिच्या आग्रहाखातर वर्गाला गेलो. नर्सबाईंनी विचारलं, काही शंका? मी उठून भांडवलशाही आणि जनतेचं आरोग्य यावर बोललो. बाई म्हणाल्या, छान हं काका, पण गोळी जेवणाआधी घेता की नंतर? मुद्द्याला बगल देण्याची जुनी युक्ती! पुन्हा जाणार नाही.

२५ जून
बोट टोचताना ही पूर्वी डोळे मिटायची. आता गुणगुणत टोचते. आकडा वाढला तरी रडत नाही, काय खाल्लं ते आठवते, चपला घालून फिरायला निघते. मला म्हणाली, तुम्हीही तपासा. म्हटलं, मला आतून कळतं. तर म्हणते, परवाची बिस्किटंही आतूनच कळली वाटतं? वर्गाला जाऊन बायका उद्धट होतात.

१४ जुलै
सभा. नवे बूट. गोळी टाळली, गोळीने आवाजाची धार जाते. दोन तास गाजवले. मागची रांग झोपली, पण विचार पोचला. अंगठ्याला फोड. दुखत नाही, म्हणजे किरकोळ.

२९ जुलै
मोज्याला डाग. शाई सांडली म्हटलं. ही म्हणाली, अहो, पाय दाखवा, वर्गात पायांचंच चाललंय. शिकलेलं नवऱ्यावर आजमावायचं नसतं. दाखवला नाही.

६ ऑगस्ट
ताप. मी ग्लानीत असताना हिने मोजा काढला आणि रिक्षा बोलावली. सर्जन म्हणाले, दुखत नव्हतं हेच वाईट. अंगठा जाणार. तुमच्या मिसेसनी आणलं नसतं तर पाऊल गेलं असतं.

२२ ऑगस्ट
मला व्हीलचेअरवर घालून वर्गात नेलं. नर्सबाईंनी बोलायला हिला उभं केलं. ना घोषणा, ना हातवारे. एवढंच म्हणाली, दुखत नाही म्हणून थांबू नका, आम्ही थांबलो. समोरचे गृहस्थ चपला काढून तळवे बघायला लागले. मग शेजारचे. माझ्या भाषणांना टाळ्या पुष्कळ पडल्या, पण ऐकून कुणी लगेच काही केल्याचं आठवत नाही.
समारोपाला उठू लागलो. ही म्हणाली, अहो, पडाल. बसा.
बसलो.