जागेची माहिती असलेली व्यक्ती

१२ जानेवारी, सोमवार
अंगणवाडीत सतरा मुलं. खिचडी, वजनं, रजिस्टर. दुपारी धाकटे दीर, विलास, मोटरसायकल घेऊन आला. "वैनी, चला, जागा दाखवतो." फुलसावंगी रस्त्यावरचं शेठचं औषधाचं गोदाम. दाखवायचं काय त्यात? हे तिथे चोवीस वर्षं गोदामकीपर होते. डबा द्यायला कितीदा गेले असेन.
गोदाम बंद पडून सहा वर्षं झाली. ह्यांना जाऊन साडेतीन महिने.
विलास ते विकत घेणार. पाण्याच्या जारचा प्लँट टाकणार. आवारात बोअर आहेच. मोटर लावून दाखवली. "पाहा वैनी, किती गार हाये." त्याने हात धुतले. प्यायला नाही. मीही नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. सुनीताने तिळगुळाचे लाडू पाठवले. विलासची बायको, मनाने चांगली आहे. हळदीकुंकवाचा विषयच काढला नाही तिने. बरं केलं.
लाडू खाल्ले नाहीत. त्यातले दोन पर्समध्ये टाकले. कशाला, माहीत नाही.

१५ जानेवारी
गोदामाची एक किल्ली अजून आमच्याच खिळ्यावर आहे. अंगणवाडी सुटल्यावर एकटीच गेले.
आत ह्यांचं टेबल होतं तिथे फरशीवर चौकोनी डाग आहे. तिथे एक लाडू ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. पाऊण तास. एक मुंगी आली नाही. घरी गुळाचा खडा सांडला तर पाच मिनिटांत रांग लागते.
झरोक्याच्या काचा फुटल्या आहेत, तरी आत कबुतर नाही. कोळ्याचं जाळं नाही. सहा वर्षं कोणी झाडलेलं नाही आणि जाळं नाही.
लाडू तिथेच राहू दिला.

१९ जानेवारी, सोमवार
बँकेने विलासला सांगितलं, अशा जागेवर कर्ज हवं तर आधी माती-पाणी तपासून आणा. म्हणून नागपूरचे इंजिनिअर आले. तरुण. बोलणं हळू. मला विलासने बोलावून घेतलं, किल्ली माझ्याकडे म्हणून.
"औषधाचं गोदाम म्हणजे गोळ्या, सलाईन?"
विलास हसला. "नाई हो साहेब. फवारनीचं. इकडं त्यालेच औषध म्हनते."
त्यांनी लिहिलेलं खोडलं. मग चेहराही बदलला.
त्यांनी समजावलं. आधी कागद आणि माणसं. जुना माल कुठे टाकला, कुठे सांडला हे सांगणारं कोणी असेल तर दोन ठिकाणी खोल भोक पाडून माती काढायची, भागलं. कोणी नसेल तर अख्ख्या आवाराचे चौकोन पाडून प्रत्येकात भोक. प्रत्येक भोकाचे, प्रत्येक बाटलीच्या तपासणीचे पैसे वेगळे.
आकडा ऐकून विलास खाली बसला. "साहेब, एवढ्यात तं माहं मशीन येते."
"जुने गोदामकीपर कोण होते?"
विलासने माझ्याकडे पाहिलं. "माहा भाऊ. वारला."
"मग अवघड आहे. ज्या माणसाला माहीत असतं तोच खर्च वाचवतो."
एक फॉर्म देऊन गेले. वर लिहिलंय: जागेची माहिती असलेली व्यक्ती. नाव. सही. फॉर्म मी घडी करून घेतला. कशाला, ते विलासने विचारलं नाही.
निघताना आत डोकावले. लाडू होता तसा.

२० जानेवारी
लिहून ठेवते. कोणाला बोलले नाही.
यवतमाळच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, सकाळी चहा देत होते. हे एकदम म्हणाले, "निंबापासून बोअरकडं, माह्या पावलानं सात. मुदत गेलेले डबे तिथं हायेत. शेठ म्हने गाड, मी गाडले." मग म्हणाले, "तिथलं पानी..." तेवढ्यात नर्स आली. पुढे तो विषय निघालाच नाही. मीही काढला नाही.
सांगितलं तर कागदावर ह्यांचा हात येतो. शेठ म्हणेल, त्यानेच केलं, मला काय माहीत. मेलेला माणूस उत्तर देत नाही.
नाही सांगितलं तर.

२३ जानेवारी, शुक्रवार
परत गेले. निंबाला बोअरच्या बाजूने पानच नाही, दुसऱ्या बाजूने हिरवा.
सात पावलं मोजली. काहीच नाही. नुसतं तरोट्याचं तण, वाळलेलं. घरी आल्यावर लक्षात आलं, पावलं माझी होती.
हे दात घासत दारापासून नळापर्यंत जायचे. चपलांचा आवाज मला स्वयंपाकघरात यायचा. नऊ. रोज नऊ. मी मोजून पाहिलं, माझी बारा होतात. म्हणजे ह्यांची सात, माझी नऊ आणि वर थोडं.
ह्यांच्या चपला पायात घालून परत गेले. ऊन होतं, चार वाजले असतील. नवव्या पावलावर थांबले. दहावं वाजलं.
मी हलले नव्हते. भिंतीवरून आवाज फिरला असेल.
समोर खाटेएवढी जागा, तिथे तरोटासुद्धा नाही. माती पांढरट, पायाखाली पोकळ लागते. बोअर तिथून फार तर चार हात. वास आला. ट्रंकेतल्या ह्यांच्या शर्टांना येतो तोच. तीनदा धुतलेत.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडा, खाऊ, मुलांनी गाणं म्हटलं. नंतर विलास घरी आला. खुशीत होता.
"वैनी, रस्ता सापडला. साहेबाले भोकं पाडाले नाई लावत. ओळखीच्या बँकेत नुसता पान्याचा रिपोर्ट चालते. तुमच्या नळाचं एक बाटली पानी द्या. बोअरचं म्हनून देतो."
"आणि माती?"
"माती कोन पेते, वैनी?" स्वतःच हसला. मग मऊ झाला. "नाव बी ठरवलं. दादाचंच. जारवर दादाचं नाव. तुमी मॅनेजर, फिरनारी खुर्ची घेतो तुमच्यासाठी. पयले जार तुमच्या अंगनवाडीले, फुकट. पोट्टे पेतीन, दादाले पोचन."
भावावर त्याचा जीव होता. तेरवीला माझ्यापेक्षा जास्त रडला.
बाटली भरून दिली. नाही म्हणता आलं नाही.

२८ जानेवारी
इंजिनिअरचा फोन. "ताई, विलासभाऊ फोन उचलत नाहीत. सोमवारी मी उमरखेडला येतोय. कोणी माहितीचं सापडलं का?"
"बघते" म्हणाले.
सुनीता म्हणाली, बाटली अजून फ्रिजवर आहे. विलास सोमवारीच नेणार.
आज मुलांना पाणी देताना एकेकाचा पेला मोजला. सतरा.

३० जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी फॉर्म काढला. नावाच्या रकान्यात ह्यांचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत तोंडाने कधी घेतलं नाही. लिहिलं तर सरळ आलं. खाली लिहिलं: निंबापासून बोअरकडे, त्यांच्या पावलाने सात. त्याच्याखाली माझं नाव. नातं, पत्नी.
सही केली नाही अजून. फॉर्म पिठाच्या डब्याखाली ठेवला.
चपलांना ती पांढरी माती तशीच होती. नळावर नेऊन ब्रशने घासल्या. पाणी मोगऱ्याला जाऊ दिलं नाही, बादलीत धरलं. बादली कुठे ओतायची ते सुचेना. झाकण ठेवून दारामागे सरकवली. चपला दारापुढच्या ओट्यावर, सकाळी ऊन येतं त्या जागी लावल्या, जोडीने.