राहिलेला दुसरा टप्पा

नोव्हाय, मिशिगन
९ मार्च २०२५

प्रिय प्रल्हाद,

सप्रेम नमस्कार. प्रतिमावहिनींनाही सांग. आम्ही दोघं ठीक आहोत. बर्फ अजून अंगणात मुक्काम ठोकून आहे. आज घड्याळं एक तास पुढे केली आणि सुवर्णाने दरवर्षीप्रमाणे सरकारच्या नावाने बोटं मोडली. तू फोन उचलत नाहीस, मेसेज नुसते वाचून ठेवतोस, म्हणून कागद घेतला. पाकीट हातात पडल्यावर तरी उघडशील.

आधी कामाचं लिहितो. आपल्या वर्गांना पैसे देणाऱ्यांकडून, वॉशिंग्टनहून, जानेवारीत दोन ओळींची ईमेल आली, त्यानंतर काही नाही. काम थांबवा, एवढंच. ज्या बाई दर आठवड्याला फोन करून 'मिस्टर गुरुनाथ, हाऊ आर द बॉइज?' विचारायच्या, त्यांचा नंबरच आता लागत नाही. सातपूरच्या तुझ्या प्रशिक्षण केंद्रात चार देशांचे फ्रीज-एसीचे मेकॅनिक एका बाकावर आणायला आपल्याला तीन वर्षं लागली होती. भूतानच्या मुलाला मिसळ किती तिखट लागली होती, आठवतं?

किगालीच्या करारावर सगळ्यांनी सह्या केल्या, ते चांगलंच झालं. जुना गॅस आकाश तापवतो, तो हळूहळू बंद करायचा. नवा गॅस आकाशाला बरा, पण ठिणगी पडली की पेटतो. सह्या करणाऱ्यांना ठिणगीजवळ जायचं नसतं. तिथे आपली मुलं जातात, म्हणून तर आपण दोन टप्प्यांचं शिक्षण आखलं. पहिल्यात गॅस भरायचा कसा, दुसऱ्यात त्याच्यापासून जीव वाचवायचा कसा. पहिला नोव्हेंबरात झाला. दुसरा फेब्रुवारीत व्हायचा होता. वॉशिंग्टनचे पाहुणे नोव्हेंबरात येणार होते म्हणून कार्डंही तेव्हाच वाटली, आणि कार्डावर 'प्रशिक्षित' एवढंच छापलंय. कार्डं वाटतानाच्या फोटोत मी किती दात काढून हसतोय ते पाहिलं की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो.

आता दर रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये कॅमेरा लावतो. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ. एकोणतीस मुलं पडद्यावर येतात. मी ओरडून ओरडून सांगतो, की घरातल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, या गॅसमध्ये नसतो. तो जड असतो, जमिनीलगत साचतो, नाकाला कळत नाही. आधी दारं उघडा, डिटेक्टर फरशीपाशी धरा, मगच नळीला डाग द्यायची टॉर्च पेटवा. ती माना डोलावतात. मग एक जण म्हणतो, "सर, लीक झाला की वास येतोच ना!" जन्मभर ज्या नाकाने त्यांना वाचवलं त्यावर अविश्वास दाखवायला मी त्यांना गॅरेजमधून कसं शिकवू?

प्रत्यक्ष वर्ग लागायलाच हवा, आणि तो मे महिन्याच्या आत. उन्हाळा तापला की आइस्क्रीमवाले, मिठाईवाले, हॉटेलवाले सगळ्यांचे फ्रीजर एकदम बिघडतात आणि ही मुलं दिवसाला चार-चार कामं घेतात. तू केंद्राला कुलूप लावलंयस असं कळलं. प्रल्हाद, ते उघड.

एकोणतीस लिहिलं. तीस होते. तिसावा तुझ्या घरी आहे, आणि अख्खं पत्र मी त्याच्या नावाला वळसा घालत लिहिलं. कबीर कसा आहे रे? अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं, एवढंच मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. भाजलेल्या हातांचं काय म्हणतात डॉक्टर?

तुझा,
गुरुनाथ


३१ मार्च

प्रिय प्रल्हाद,

सप्रेम नमस्कार. उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पत्रपेटी दिवसातून दोनदा उघडत होतो.

काल मंडळाचा पाडवा झाला. शाळेच्या हॉलमध्ये गुढी, लेझीम, श्रीखंड-पुरी. मला लेझीम आणि जेवण यांच्यामध्ये पाच मिनिटं बोलायला दिली. मी करार सांगितला, मुलं सांगितली, दुसरा टप्पा सांगितला. लोक पुरीच्या वासाने अस्वस्थ. खाली उतरल्यावर शंतनू भेटला, पुण्याचा आहे, गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर करतो. म्हणाला, "काका, ग्रेट वर्क यार! पण इंडियात गव्हर्नमेंट हँडल करेल ना हे? आणि माझ्या एसीत कुठला गॅस आहे, चेक कराल का जरा?" मुलगा वाईट नाही. पण मला त्याच्या ताटात काहीतरी ओतावंसं वाटलं.

घरी आलो तर मालदीवच्या इब्राहिमचा फोटो आलेला. हॉटेलच्या मागच्या बोळकांडीत आइस्क्रीमचा फ्रीजर उघडलेला, हा उकिडवा बसलेला, गळ्यात आपलं कार्ड, हातात पेटलेली टॉर्च. खाली लिहिलंय, 'नो स्मेल, नो प्रॉब्लेम, सर!' हा पोरगा माझ्या एकूण एक रविवारी पहिल्या रांगेत असतो. मी लगेच फोन लावला, तो वाचलाय, खुशाल आहे, माझ्या घाबरण्याला हसला.

सुवर्णा सगळं बघत होती. म्हणाली, "अहो, मग गॅरेजमधून काय शिकवता? जा ना तिकडे."

मी म्हटलं, कुलूप आहे, मुलांचा विमा नाही, कोणाच्या नावाने जाऊ?

"ते काही नाही. तुम्ही प्रल्हादभावजींना घाबरता."

खरं आहे ते. पण भीती भेटायची नाही. मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे, आणि समोर उभं राहून ती तोंडातून निघणार नाही.

आधी बाकीचं सांगतो. श्रीलंका आणि भूतानच्या केंद्रांनी आपापल्या मुलांना पाठवायचं कबूल केलंय. मालदीवची मुलं स्वतःहून येतायत. वॉशिंग्टनला कोणी विचारलंसुद्धा नाही, ही मंडळी आपसात बोलून मोकळी झाली. सगळे २४ एप्रिलला नाशकात पोचू शकतात. शिकवायला मी आहे. डिटेक्टर आहेत. पण मी तासभर बोलीन, ते माना डोलावतील, आणि घरी जाऊन पुन्हा नाकानेच गॅस तपासतील. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे, पण स्वतःच्या नाकावर जास्त आहे.

आता लिहितोच. कबीरला वर्गासमोर बसवशील का?

त्याने बोलायचं नाही. नुसतं बसायचं. त्यांच्याच बाकावर बसून शिकलेला मुलगा, तेच कार्ड मिळालेला. त्याचे हात पाहिले की माझी गरज उरणार नाही. मिठाईच्या दुकानात अर्धं शटर खाली ओढून तो काम करत होता, त्यालाही भडका उडेपर्यंत वास आला नव्हता, हे त्यांना दिसायला हवं. ऐकून उपयोग नाही.

असं कुठल्या बापाला कोणी विचारतं का? त्याला पहिला स्क्रूड्रायव्हर मी दिला होता, मी विचारतोय. तू मला निर्लज्ज म्हण, घरात पाऊल टाकू देऊ नकोस, पण इब्राहिमचा फोटो सोबत छापून पाठवलाय तो एकदा बघ. त्याच्या बापाला मला फोन करायचा नाहीये रे.

तुझा (म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर),
गुरुनाथ


१३ एप्रिल

प्रल्हाद,

काल सकाळी तुझ्या नंबरवरून फोन आला. मी दोनदा 'प्रल्हाद? प्रल्हाद?' केलं, आणि आवाज आला कबीरचा. आवाज बसलाय त्याचा. तू सगळं ऐकलंस, तरी लिहितो. मी काय ऐकलं ते तुला कळायला हवं.

"काका, बाबांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं."

"सगळं?"

"सगळं. मधे एकदा थांबले, पाणी प्यायले, परत वाचलं." मग म्हणाला, "तुम्ही बाबांना का विचारलंत? मला विचारायचं ना. हात माझे आहेत."

आपण दोघं म्हातारे त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी अबोला धरून बसलो होतो, आणि त्याला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

"मी येईन. पण नुसता बसणार नाही. मला काय बाहुला करून ठेवायचाय? मी बोलणार. काका, मी हुंगलं होतं हो. खाली वाकून, फरशीला नाक लावून हुंगलं होतं. काहीच नव्हतं. हे मीच सांगणार त्यांना. आणि मी बोलेन तेव्हा तुम्ही स्टेजवर नाही, त्यांच्यात बसायचं."

मी हो म्हटलं. विचारलं, हात कसे आहेत.

"अजून काही धरता येत नाही. चमचासुद्धा आई भरवते."

"मग फोन?"

"बाबांनी धरलाय."

मागे कुकरची शिट्टी झाली. तुझा श्वास मला ऐकू येत होता. तो ओळखायला मला वेळ लागत नाही, पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलवर तीन वर्षं शेजारच्या खाटेवर ऐकलाय. तेवढ्यात कबीर म्हणाला, "बाबा, त्या कानाला लावा, हा दुखतोय." खरखर झाली. तू फोन दुसऱ्या कानाला लावलास.



तू हो म्हणालेला नाहीस. कुलूप काढशील असंही म्हणाला नाहीस. माफीचं तर मी बोलतच नाही, कबीरच्या त्या आवाजानंतर ती कोणत्या तोंडाने मागू? पण तो बोलत होता तेवढा वेळ तू फोन खाली ठेवला नाहीस. तेवढ्यावर मी तिकीट काढलंय.

२३ला संध्याकाळी नाशकात पोचतो. घरी येणार नाही, वहिनींना माझ्यासाठी चहा टाकायला लावू नकोस. २४ला सकाळी सरळ सातपूरला येईन. मुलं आठपासून यायला लागतील. कुलूप असेल तर आम्ही रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसू, आणि कबीर येईपर्यंत मी कोणाला एक शब्द शिकवणार नाही. त्याला रिक्षातून उतरवायला कोणाचा तरी आधार लागेल. तो माझा घेणार नाही, आणि घेऊही नये.

तू ये.

फाटकाबाहेर,
गुरुनाथ