भट्टीवाल्याचं नाक

२६ जुलै
डेल्फीनाला सरळ विचारून टाकलं, लग्न करशील का. तिच्या दोन्ही हातांत पेपरमिंटचे भारे होते म्हणून कानफटात बसली नाही, असं तिची चुलत बहीण म्हणते. जळते ती. डेल्फीना म्हणाली, हंगाम संपू दे, मग सांगते. बाबांचंही मत बघेन. म्हणजे होच. फक्त बाबा बाकी.

२९ जुलै
पंकालिएरी गाव पेपरमिंटवर जगतं, पण त्याचे गुण एकाला माहीत असतील तर शपथ. फार्मसीची दीड वर्षं काय फुकट केली मी? यादी केली: पोटातला वारा, मळमळ, सर्दी, डोकेदुखी, तोंडाचा वास, डास, ठणकणारे पाय. एकूण सोळा उपयोग. प्रेम धरलं तर सतरा.
तिचे वडील बात्तिस्ताकाका गावाच्या भट्टीवर मुख्य. कापून सुकवलेला पाला वाफेवर चढतो, तेल उतरतं, काका हुंगतात. चांगलं की तणाने नासलेलं, ते त्यांचं नाक ठरवतं. आणि हा माणूस कापणीभर पेपरमिंटचा थेंब जवळ करत नाही. नाक थकतं म्हणे. अडाणीपणा. संकल्प: काकांना पेपरमिंटने बरं करायचं. कशातूनही.

२ ऑगस्ट, रविवार
काकांच्या छातीत जळजळ. भट्टी बंद, म्हणून कसेबसे तयार झाले. कडक पेपरमिंटचा चहा, तीन कप. मी स्वतः पाजला. डेल्फीना बघत होती. कौतुकानेच असणार.

३ ऑगस्ट
काकांनी रात्र बसून काढली. पुस्तक उघडलं. वारा धरला असेल तर पेपरमिंट उत्तम. जळजळ असेल तर देऊ नये, वाढते. हे पान दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आहे. मी तोवर थांबलो नव्हतो. चूक अभ्यासक्रमाची.

६ ऑगस्ट
जळजळीने झोप नाही, म्हणून काकांचं डोकं ठणकतंय. दुपारी भट्टीजवळच्या खुर्चीत डुलकी लागली होती. कपाळाला तेल चोळलं. थोडं नाकाखालीही, असर लवकर व्हावा म्हणून. वीस मिनिटांत डोकं ठणकायचं थांबलं! काका स्वतः म्हणाले. उपयोग क्रमांक चार सिद्ध.
संध्याकाळी त्यांनी सेकोन्दोचं तेल पास केलं. त्याच्या शेतात पेपरमिंट कमी, तण जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. तेल मोठ्या पिंपात गेलं.

८ ऑगस्ट
तूरिनच्या व्यापाऱ्याने पिंपाचं झाकण उघडलं, हुंगलं, झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसला. सगळ्या गावाचं तेल त्यात मिसळलेलं. लोक भट्टीच्या दारात जमले. काका एवढंच म्हणाले की माझं नाक म्हातारं झालं. माझं नाव घेतलं नाही. मीच सांगणार होतो, पण गर्दी फार होती.

१० ऑगस्ट
काकांच्या खुर्चीत आता डेल्फीना, तेल हुंगायला. सेवेरीनोने, म्हणजे मी, पन्नास पावलांच्या आत यायचं नाही, असा तिचा हुकूम. दोनदा साबण लावून गेलो. तिने पन्नास पावलांवरूनच हात हलवला, परत जा. साबण पेपरमिंटचा होता. घरात दुसरा नाही. मग वास मारायला लसूण चोळून गेलो. शेतकऱ्यांनी खांद्याला धरून हाकललं.

१३ ऑगस्ट
जेवण जात नाही. आई म्हणते, प्रेमात कुणी मरत नाही, सूप पी. रागाच्या भरात दाराला लाथ मारली. अंगठा सुजला. तेल लावलं. उपयोग क्रमांक सात खरा आहे.

२२ ऑगस्ट
हंगाम संपला. डेल्फीना घरी आली. मी नवा शर्ट घातला. आईने कॉफी ठेवली आणि कधी नव्हे ती बाहेर गेली. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली, उत्तर मागितलं.
ती म्हणाली, "बाबांना नक्की काय होतंय, ते तू एकदा तरी विचारलंस का?"
मी म्हटलं, उपाय माहीत असल्यावर विचारायचं कशाला.
"लग्नाला माझं उत्तर 'नाही' आहे," ती म्हणाली. मग पिशवीतून कागद काढला. मला वाटलं पत्र. कॉलेजात परत घेण्याचा अर्ज होता, पूर्ण भरलेला. आईने माहिती सांगून तिच्याकडून भरून घेतलेला. माझी जन्मतारीखही बरोबर.
"तिथे आधी विचारायला शिकवतात," ती म्हणाली.
सही केली. पेन तिचं होतं. जाताना आठवणीने मागून नेलं.