डाव्या खिशातला चाकू

दि. ४ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन वाजला की बाबा पंखा बंद करून ऐकत बसतात. म्हणून हा कागद. उत्तर वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव.

आधी बरी बातमी. अर्धांगाच्या झटक्याने जड झालेली बाबांची जीभ पूर्ववत झाली आहे. जिन्यात सायकल ठेवल्याबद्दल त्यांनी काल वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला असं काही सुनावलं, की तुझी वहिनी म्हणाली, आता पायाला घाई नाही केली तरी चालेल. परवापर्यंत काठी घेऊन वर्कशॉपपर्यंत चालत येत होते. उजवा हात मात्र रुसलेलाच. मूठ वळते, पण धरत नाही.

आता दुसरं. परवा मी एका खुर्चीच्या बुडाला पट्टे ताणत होतो. बाबा कोपऱ्यात बसले होते. सुतळीचं बंडल सोडायला त्यांनी खिशातून आपला जुना घडीचा चाकू काढला. त्याच्या पात्याला नखाने ओढायची खाच आहे, म्हणजे उघडायला दोन हात हवेत. डाव्या हाताला जमेना, तेव्हा त्यांनी पातं दातात धरलं. पट्टा सोडून धावलो, चाकू हिसकावला आणि खणात टाकून कुलूप लावलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. बाबा उठले आणि घरी गेले.

तेव्हापासून गुडघा दुखतो म्हणतात. दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघतात. ज्या माणसाने जन्मभर लोकांचे सोफे मढवले, त्याला स्वतःला असं खुर्चीत बसलेलं बघवत नाही. वहिनी म्हणते, चाकू घेतलास ते ठीक, पण चारचौघांत का? तूच सांग, माझं काय चुकलं?

वेळेवर जेवत जा. रोपांना पाणी घालणारी स्वतः सुकलेली बरी दिसत नाही. लोभ आहेच, तो वाळू देऊ नकोस.

तुझा,
दादा

दि. ११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल वहिनीने दिलाच आहे, मी वरच्या कोर्टात जात नाही. तू घाबरलास, मीही घाबरले असते. पण जो माणूस दाताने चाकू उघडतो तो चाकू सोडणारा नव्हे. हा काढून घेतलास तर तो दुसरा शोधेल, आणि तो याहून वाईट असेल. तेव्हा चांगला आपणच घेऊ.

मी नर्सरीत दिवसभर कलमं बांधते, घडीचा चाकू माझ्या खिशात असतोच. त्यामुळे यातलं थोडं कळतं. पातं बोटाएवढं पुरे, सुतळी कापायला तलवार लागत नाही. दातेरी नको, धागा अडकतो आणि घरी धार लावता येत नाही. पात्याला अंगठ्याने ढकलायला भोक किंवा गुंडीसारखं बोंडूक हवं, म्हणजे एका हाताने उघडेल. उघडल्यावर पातं जागच्या जागी पक्कं बसवणारा खटका तर हवाच. पण इथेच लोक फसतात. पुष्कळ खटके उजव्या हातासाठी केलेले असतात; डाव्या हातात घेतले की बंद करताना बोट नेमकं पात्याच्या वाटेत येतं. दोन्ही बाजूंनी मागे ओढता येतो तसला खटका बघ. खिशाला अडकवायची क्लिप डावीकडे फिरवता आली पाहिजे. मूठ खरखरीत असू दे, आणि दिसायला देखणा असावा असा हट्ट धरू नकोस. तुझ्या लग्नाचे बूट आठवतात ना? देखणे होते, आणि वरात तू लंगडत काढलीस.

एक मात्र कर. चाकू तू आणून देऊ नकोस. बाबांना दुकानात घेऊन जा, त्यांच्या हातात दे आणि मग गप्प बस. हे शेवटचं तुला सगळ्यात जड जाईल, ठाऊक आहे.

वहिनीला नमस्कार. तुमच्या मायेवरच इकडे हिंडतेफिरते, ती कमी पडू देऊ नये.

तुझी,
भिंगरी

दि. २३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघं गेलो होतो. आधी बाबा म्हणाले, मला आता चाकू कशाला, भाकरी मोडायला? मग म्हणाले, शर्ट कुठला घालू? तेव्हा कळलं की येणार आहेत.

हत्यारांच्या त्या बाजारातलं कोपऱ्यावरचं दुकान. दुकानदार प्रत्येक चाकू माझ्यापुढे ठेवायचा आणि माझ्याकडे बघून विचारायचा, काकांना हा जमेल का? तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, साहेब, हात माझा आहे, माझ्याशी बोला. त्यानंतर त्याने त्यांना स्टूल दिलं आणि काचेखालचा सगळा खजिना बाहेर काढला. मी गप्प होतो, वहिनी साक्षीला आहे.

एक चाकू बोट लागताच फटकन उघडला. बाबांनी तो लगेच खाली ठेवला. म्हणाले, हा माझ्याआधी उठतो. एकाची मूठ गुळगुळीत, घामात सुटेल. एक फारच सुंदर होता, लाकडी मुठीचा. तो त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिला आणि मग स्वतःच परत केला, कारण बंद करायला उजवा हात मागत होता. शेवटी एक काळा, ठेंगणा, अगदी सामान्य चेहऱ्याचा चाकू निघाला. डाव्या अंगठ्याने ढकलला, खट्ट आवाज झाला, आणि बाबा हसले. भिंगरी, दुखण्यानंतर तसे हसलेले मी पाहिले नव्हते.

इथवर सगळं गोड. घरी येऊन त्यांनी तो बंद करताना तर्जनी कापून घेतली. फार नाही, पण टेबलावर रक्त आलं. मी चाकू मागितला. त्यांनी तो मुठीत धरून मूठ खिशात घातली. माझा आवाज चढला, त्यांचाही. ते म्हणाले, तू हे काम शिकताना तुझी बोटं कमी कापली होती का? मी तुझ्या हातातून कात्री काढून घेतली होती का?

झटका आला त्या दिवशी त्यांना न्हाणीघराच्या फरशीवर पडलेलं सगळ्यांत आधी मी पाहिलं. ते डोळ्यांपुढून जात नाही. काहीही पडल्याचा आवाज झाला की मी धावतो. तू त्यांची लाडकी आहेस. तू सांगितलंस तर ते चाकू देतील. एवढं कर.

या काळजीखोर भावावरचं प्रेम ढळू देऊ नकोस.

दादा

दि. २९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही सांगणार. रागाव हवं तर.

फरशीचं मला जे लिहिलंस ते बाबांना कधी सांगितलं आहेस का? त्यांना वाटतं तू त्यांना निकामी समजतोस. तुला त्यांची भीती नाही वाटत, त्यांच्यासाठी वाटते, हे त्यांना कुठून कळणार? ते कारागीर आहेत, मनकवडे नव्हेत.

बोट कापलं ते बरंच झालं असं म्हणत नाही, पण चूक सुधारण्यासारखी आहे. पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टी लाव आणि तसाच उघड-मीट करू दे. बंद करताना चारही बोटं मुठीच्या मागे, खटका ओढायचा, आणि पात्याची पाठ मांडीवर टेकवून दाबायची. घाई नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाही दाखवा. बोटांनी रबरी चेंडू दाबून बाबा कंटाळले असतील, हा व्यायाम तरी कामाचा.

मला तुम्हा दोघांची सारखीच काळजी. पण हे बाबांना सांगू नकोस, लाडकेपणाला धक्का लागेल. जिव्हाळा असू द्यावा, भांडण मिटवून कळवावं.

भिंगरी

दि. २७ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. तुझ्यावर रागावलो होतो, मग विसरलो.

पट्टी लावली. बाबा पेपर वाचताना, चहा गार होताना, बातम्या बघताना खट्ट-खट्ट करत राहिले. वहिनी म्हणाली, घरात सुतारपक्षी पाळला आहे. व्यायामाच्या बाई बघून खूश झाल्या. गेल्या आठवड्यात त्यांच्यासमोरच पट्टी काढली.

फरशीचंही सांगितलं. जिन्यात सांगितलं, एकमेकांची तोंडं दिसत नव्हती म्हणून जमलं. बाबा दोन पायऱ्या उतरले. म्हणाले, त्या दिवशी मीही घाबरलो होतो, पण तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, आता निभावलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उरलेला जिना उतरले. काठी वरच राहिली होती.

आता रोज वर्कशॉपला येतात. काल पियानो शिकवणाऱ्या बाईंची आरामखुर्ची पुरी झाली. बाबांची मदत झाली, पण घाईत मी त्यांच्यावर उगाच खेकसलो. आजारी माणसावर असं ओरडायला नको होतं. दिवसभर मनाला लागून राहिलं. सोबत त्यांचाही कागद आहे, मला वाचू दिला नाही. बहुधा माझी तक्रार असेल, तर समजूत घाल.

येत्या सुट्टीत ये. घर तुझी वाट बघतं, तूही घराला विसरू नकोस.

दादा

चि. भिंगरी,
अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण कोंबडी चालते आहे.

दादाने तुला कळवलं नसेल, म्हणून मी कळवतो. काल खुर्चीच्या स्प्रिंगा बांधताना त्याने दोन्ही हातांनी सुतळी ताणून धरली होती, तोंडात खिळे होते. त्या खिळ्यांमधूनच म्हणाला, कापा. मी खिशातून चाकू काढून उघडेपर्यंत जरा वेळ गेला, तर वसकन अंगावर आला. बाबा, झोपलात काय, हात तुटले माझे! मी कापलं. त्याने गाठ मारली आणि पुढच्या स्प्रिंगेकडे वळला. माझ्या हाताकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

दुखणं आल्यापासून सगळी माणसं माझ्याशी हळू, गोड बोलतात. काल पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर कामासाठी ओरडलं. पोरी, फार बरं वाटलं. त्याला सांगू नकोस, नाहीतर माफी मागत बसेल आणि काम राहील.

तुला मनापासून आशीर्वाद.

बाबा